सतरा पैशांचा फरक

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत आम्ही बसवलेल्या आज्ञावलीने ठेवींवरील सहामाही व्याजाची आकारणी पहिल्यांदाच पार पाडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेथील वयोवृद्ध हिशेबनिसांनी, छापून निघालेल्या हजार-बाराशे खात्यांच्या यादीची पेन्सिलीने स्वतः बेरीज मारून, ती यंत्राने दाखवलेल्या एकूण रकमेशी सतरा पैशांनी जुळत नाही, एवढेच आमच्या पुढ्यात आणून ठेवले. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला, प्रथम वर्गाच्या प्रमाणपत्राचा ताठा अंगात असलेला. मी खिशातून रुपयाचे नाणे काढून टेबलावर ठेवले. "पैसे खिशात ठेवा, साहेब," ते म्हणाले, "मला तेरीज जुळवून द्या."

तेरीज जुळवायला मला दोन दिवस लागले. प्रत्येक खात्यावर निघणाऱ्या व्याजात पैशाचेही अपूर्णांक येतात. पासबुकात आणि यादीत ते जवळच्या पूर्ण पैशाला आणून छापले जात, पण एकूण बेरीज मात्र आज्ञावली मूळच्या, न छाटलेल्या आकड्यांची करीत असे. यंत्राच्या पोटात एक हिशेब आणि कागदावर दुसरा, असा तो प्रकार होता, आणि खातेदाराच्या हाती पडणारा पैसा कागदावरच्या हिशेबाने मोजला जात असल्यामुळे खरा हिशेब कागदाचाच होता. उपाय सोपा निघाला. प्रत्येक खात्याचे व्याज आधी पूर्ण पैशाला आणावे आणि मग त्याच आकड्यांची बेरीज करावी. त्याबरोबरच दुसरे एक पथ्य मी त्या दिवसापासून पाळत आलो आहे आणि वाचकांनीही पाळावे, ते असे की, रक्कम यंत्रात कधीही रुपयांच्या दशांश अपूर्णांकात ठेवू नये. पैशांच्या पूर्णांकात ठेवावी आणि छापताना तेवढे शंभराने भागावे.

या पथ्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्या दशमान पद्धतीत एक-तृतीयांश लिहू लागले की तिनांची रांग संपतच नाही. यंत्राच्या द्विमान पद्धतीत तीच गत एक-दशांशाची होते, आणि कोठे तरी ती रांग तोडावी लागून तुटलेला शेष हिशेबातून गळतो. बहुतेक प्रचलित भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ बरोबर ताडून पाहिली तर यंत्र "समान नाही" असे निर्विकारपणे सांगते; ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी आजच पाहावे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकी पॅट्रियट यंत्रणेला चालून येणारे इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले, त्यामागे हाच एक-दशांश होता. ती यंत्रणा वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजीत असे, त्या दशांशाचे द्विमान रूप २४ बिटांवर तोडलेले असे, आणि शंभर तास अखंड चालल्यानंतर गळालेल्या शेषांची बेरीज सेकंदाच्या एक-तृतीयांशाएवढी झाली होती. तेवढ्या अवधीत स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे निघून जाते. दुरुस्त केलेली आज्ञावली वास्तविक तयार होती. ती धाहरानला दुसऱ्या दिवशी पोहोचली.

मी ज्या संस्थेत शिकलो तेथे मला तीन भाषा शिकवण्यात आल्या, शंभरावर उदाहरणे सोडवून घेण्यात आली, आणि प्रत्येक उदाहरण कोऱ्या पानावरून सुरू होऊन चाळीस ओळींच्या आत संपत असे. दुसऱ्याने लिहिलेले काही वाचण्याचा, किंवा यंत्राने दिलेले उत्तर पेन्सिलीने ताडून पाहण्याचा तास त्या वेळापत्रकात नव्हता. आणि अलीकडे नोकरीवर येणाऱ्या तरुण मंडळींशी बोलताना असे जाणवते की, भाषांची नावे बदलली तरी वेळापत्रक फारसे बदललेले नाही. कोणताही पालक भेटला की पहिला प्रश्न विचारतो तो "मुलाला कोणती लँग्वेज लावू?" हा. जणू शिकवणीच लावायची आहे. माझे उत्तर असे असते की, कोणतीही लावा. भाषा दोन-तीन महिन्यांत येते, आणि धंदा भाषेच्या पलीकडे सुरू होतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी मुलाला कोरे पान कोणी देत नाही. तेथे त्याच्या हाती लाखो ओळींचे, आठ-दहा वर्षे चालत आलेले, अनेक हातांनी ठिगळे लावलेले बाड पडते, आणि "यात अमुक ठिकाणी अमुक चुकते, तेवढे पाहा" असा हुकूम सुटतो. त्या क्षणी त्याला लिहिता येते की नाही याला फारसे महत्त्व नसते. त्याला वाचता येते का, हा सवाल असतो, आणि वाचायला त्याला कोणी शिकवलेलेच नसते.

हे दुखणे आजचे नाही. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीच्या आश्रयाखाली जी परिषद भरली, आणि जिच्यामुळे "सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग" हा शब्द सर्वत्र रूढ झाला, तिच्यात जमलेल्या तज्ज्ञांच्या तक्रारी, म्हणजे कामे मुदतीत होत नाहीत, खर्च अंदाजपत्रकात मावत नाही, आणि मोठी आज्ञावली कोणा एकाच्या आकलनात राहत नाही या, उद्या हिंजवडीच्या एखाद्या कँटीनमध्ये कानावर पडल्या तर त्या अर्धशतकापूर्वीच्या आहेत अशी शंकाही कोणाला येणार नाही. त्या परिषदेच्या अहवालाचे एक संपादक, डेन्मार्कचे पीटर नाउर, यांनी पुढे १९८५ साली एक निबंध लिहिला, आणि त्यात मांडलेला विचार मला या सर्व वाङ्मयात सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, खरी आज्ञावली कागदावरच्या ओळींत नसून ती रचणाऱ्यांच्या मनातील समजुतीत असते. हे असे का आहे, तसे का नाही, उद्या मागणी बदलली तर कोठे हात घालावा, ही समजूत ज्यांच्यापाशी आहे ती माणसे पांगली की ओळी तशाच राहतात पण आज्ञावली मृत होते. आमच्या धंद्यात माणसे दर दोन वर्षांनी पांगतात. तेव्हा मागे राहिलेल्या ओळींतून ती समजूत पुन्हा जुळवता येणे हेच मुख्य कौशल्य ठरते.

गंमत अशी की, या देशातील सॉफ्टवेअरच्या व्यवसायाचा जम बसला त्यात ह्याच कौशल्याचा हातभार मोठा होता. जुन्या कोबॉल आज्ञावल्यांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले असत, कारण ऐंशी स्तंभांच्या पंचकार्डावर दोन आकड्यांची जागाही मोलाची होती. २००० साल उजाडताच "००" चा अर्थ १९०० असा लावला जाईल, या भयाने विसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशांतील बँका आणि विमा कंपन्या यांनी ती दुरुस्ती करवून घेतली, आणि त्यांतील बरेच काम भारतीय कंपन्यांकडे आले. परक्या माणसांनी परक्या देशात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेला मजकूर ओळ न् ओळ वाचून त्यात तारीख कोठे कोठे दडली आहे हे हुडकून काढणे, असे ते काम होते. त्यात आणखी एक खोच होती. शंभराने भाग जाणारे वर्ष लीप नसते हा नियम ज्यांना ठाऊक होता त्यांतील काहींना, चारशेने भाग गेल्यास ते लीप असते, हा अपवाद ठाऊक नसल्यामुळे, २००० च्या फेब्रुवारीचे दिवस मोजतानाही चुका झालेल्या सापडत. त्या काळात रात्रपाळ्या केलेली माणसे आज निवृत्तीकडे झुकली आहेत, त्यांच्याशी बोलावे. "कंटाळवाणे काम होते, पण त्यानेच शिकवले," हे वाक्य मी निदान चार जणांच्या तोंडून ऐकले आहे.

आता वाचावे कसे, याविषयी. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पेशवे दप्तरात मोडी वाचायला शिकणारा विद्यार्थी मुळाक्षरे गिरवून झाली की स्वतः मोडीत पत्रे रचीत बसत नाही. जाणकाराच्या शेजारी बसून तो रुमाल सोडतो, समोर आलेला कागद कोणाचा, कोणाला, कशाबद्दल हे आधी ठरवतो, आणि न लागलेली अक्षरे तशीच सोडून पुढे जातो, कारण चार ओळींनंतर तेच अक्षर दुसऱ्या शब्दात आले की मागचे आपोआप उलगडते. आज्ञावलीचे वाचन अगदी असेच करावे. पहिल्या फाइलीच्या पहिल्या ओळीपासून वाचायला बसणारा माणूस तिसऱ्या दिवशी झोपी जातो. त्याऐवजी एक लहानशी तक्रार हाती घ्यावी, उदाहरणार्थ पावतीवरची तारीख चुकीची छापली जाते ही. आज्ञावली आधी चालवून ती तक्रार आपल्या डोळ्यांदेखत घडवून आणावी. आणि मग जेथे ती दिसते तेथून उलट पावली मागे जावे, ही तारीख येथे कोणी दिली, त्याला कोणी दिली, असे विचारीत. सोबत वही ठेवावी. होय, कागदाची. कोणत्या भागाने कोणाला हाक मारली हे बाणांनी काढीत गेले की दहा पानांत त्या बाडाचा नकाशा तयार होतो, आणि तो नकाशा दुसऱ्याने काढून दिलेल्या कोणत्याही आकृतीपेक्षा अधिक काळ ध्यानात राहतो.

याला जोडून एक सवय लावून घ्यावी, जी मला उशिरा लागली. आज्ञावलीचा एखादा तुकडा चालवण्यापूर्वी तो काय उत्तर देईल ते वहीत लिहावे, आणि मगच चालवावा. आपले भाकीत चुकले तर आपल्याला काही तरी उमगलेले नाही हे तत्क्षणी कळते. भाकीत न करता चालवणारा माणूस मात्र जे उत्तर येईल त्यालाच "हं, बरोबर" म्हणून मान डोलावतो, आणि ही मान डोलावण्याची सवय वर्गात शिक्षकांसमोर लागलेली असल्यामुळे ती सुटायला वेळ लागतो.

वाचायला घेण्यासाठी चांगला मजकूर मिळत नाही ही सबब आता उरलेली नाही. आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये बसलेली एसक्यूलाइट ही माहिती साठवण्याची आज्ञावली सर्वांस खुली आहे. ती दीड लाख ओळींच्या आसपास आहे, आणि तिची तपासणी करण्यासाठी लिहिलेला मजकूर तिच्या शेकडो पट आहे, ही एकच गोष्ट नवशिक्याला पुष्कळ काही सांगून जाते. पण आरंभ इतक्या मोठ्या डोंगरापासून करू नये. पायथॉन भाषेबरोबर मिळणारा "बायसेक्ट" नावाचा शे-सव्वाशे ओळींचा भाग घ्यावा. क्रमाने लावलेल्या यादीत एखादी वस्तू शोधण्याचे काम तो करतो, आणि त्याची रीत आपण कोशात शब्द शोधताना वापरतो तीच आहे. मोल्सवर्थचा कोश मधोमध उघडावा; हवा असलेला शब्द अलीकडे असेल तर पलीकडचा अर्धा भाग सोडून द्यावा, पलीकडे असेल तर अलीकडचा सोडावा, आणि उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा तेच करावे. लाख शब्दांच्या कोशात सतरा वेळा उघडले की शब्द सापडतो, किंवा नाही हे तरी निश्चित होते.

इतकी साधी ही रीत, पण तिचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. ती प्रथम १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि डोनाल्ड क्नुथ यांनी नोंदवल्याप्रमाणे कोणत्याही लांबीच्या यादीवर बिनचूक चालणारी तिची आवृत्ती छापली जायला १९६२ साल उजाडले. जॉन बेंटली यांनी आपल्या शिक्षणवर्गांत धंद्यात मुरलेल्या प्रोग्रॅमरांना ती लिहावयास सांगितली, वेळही भरपूर दिला, आणि बहुतेकांच्या लेखनात दोष निघाला. पुढे २००६ साली जॉशुआ ब्लॉक यांनी जाहीर केले की जावा भाषेच्या ग्रंथालयातील, त्यांनी स्वतः लिहिलेली आणि जगभर वापरात असलेली आवृत्ती नऊएक वर्षे चुकीची होती. चूक मध्य काढण्याच्या ओळीत होती. खालची मर्यादा आणि वरची मर्यादा यांची बेरीज करून ती दोनाने भागायची, हे शाळकरी मुलालाही पटेल. पण जावामधील साधा पूर्णांक २,१४७,४८३,६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही, आणि यादी एक अब्जाच्या पुढे गेली की ती बेरीज ही सीमा ओलांडून एकदम ऋण होते. वरच्या मर्यादेतून खालची वजा करून, त्याचे निम्मे खालच्या मर्यादेत मिळवले की दोष जातो. आणि आता बायसेक्ट उघडून पाहिले तर तेथे ती जुनी बेरजेचीच ओळ दिसते, आणि ती तेथे निर्दोष आहे, कारण पायथॉनच्या पूर्णांकाला अशी सीमाच नाही.

तीच ओळ एका घरी सोज्वळ आणि दुसऱ्या घरी घातकी ठरते, हे नवशिक्याला एकदा डोळ्यांनी दिसले की दहा व्याख्यानांचे काम होते. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान ५ हा अग्निबाण आपल्या पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाला, तेही असेच. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील जो तुकडा कोसळला तो एरियान ४ वर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक होता, तो १६ बिटांच्या, म्हणजे ३२,७६७ पर्यंतच मोजणाऱ्या, जागेत मावला नाही. ज्या गणितासाठी तो तुकडा चालू होता, त्याची नव्या अग्निबाणाला उड्डाणानंतर काहीच गरज नव्हती. जुन्या घरातले सामान नव्या घरात आणताना ते तेथे का होते हे कोणी विचारले नाही, इतकेच.

परक्या उदाहरणांवर थांबण्याचे मात्र कारण नाही. तपासणी शिकण्यासाठी आपल्या घरातच उत्तम साधन आहे, आणि ते म्हणजे आपली मराठी नावे. "श्रीकृष्ण" हे नाव घ्या. डोळ्याला त्यात अक्षरे तीन दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने त्यात नऊ चिन्हे आहेत, श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, क, ऋकाराची खूण, ष, हलन्त, ण. आणि यूटीएफ-८ या प्रचलित साठवणपद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागून एकूण सत्तावीस होतात. एखाद्या संस्थेच्या अर्जात नावासाठी "वीस" जागा राखलेल्या असतील, आणि त्या राखणाऱ्याने अक्षर आणि बाइट एकच मानले असतील, तर दप्तरात "श्रीकृ" एवढेच उतरते आणि त्यापुढे चौकटीतले प्रश्नचिन्ह येते. इंग्रजी नावावर तपासलेल्या आज्ञावलीत हा दोष कधीच दिसणार नाही. मोबाइलवरच्या एसएमएस संदेशाचीही तीच तऱ्हा. रोमन अक्षरांत १६० मावतात तेथे देवनागरीत ७० वर संदेश तुटतो, आणि ज्याने पैशाचा अंदाज पहिल्या आकड्यावरून बांधला त्याचे बिल दुपटीहून वर जाते. म्हणून मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला सांगत असतो की, कोणताही अर्जाचा नमुना तयार केलात की त्यात आपल्या आजीचे संपूर्ण नाव मराठीत भरा, मग रिकामे सोडून पाहा, मग मधे दोन वेळा मोकळी जागा देऊन पाहा, मग जन्मतारीख २९ फेब्रुवारी घाला. आजीच्या नावाने मी जितके दोष पकडले आहेत तितके कोणत्याही महागड्या साधनाने पकडलेले नाहीत.

मनुष्यबळ आणि मुदत यांविषयी फार लिहीत नाही, कारण ते वाचकाच्या हाती क्वचितच असते. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड कामाची धुरा वाहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या "द मिथिकल मॅन-मंथ" या ग्रंथात जे सांगितले, की उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे घातली तर ते आणखी उशिरा होते, ते प्रत्येक मॅनेजरला तोंडपाठ असते आणि प्रत्येक मॅनेजर बेंचवरची पाच मुले आणून बसवतोच. पाच जणांत परस्पर बोलण्याच्या जोड्या दहा होतात, दहा जणांत पंचेचाळीस. आणि नव्यांना समजावून देण्यात जुन्यांचे दिवस जातात. आपण त्या नव्या पाचांपैकी असाल तर एवढेच करावे की, प्रश्न दिवसभर साठवून संध्याकाळी एकदम विचारावेत, आणि उत्तरे लिहून ठेवावीत, म्हणजे तोच प्रश्न सहाव्याला विचारावा लागणार नाही.

शिक्षकांना मात्र एक आग्रहाची विनंती करावीशी वाटते. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ही आपल्याकडे बरीचशी उपचाराची बाब झालेली आहे. तयार प्रकल्प बांधणीसह विकत मिळतात, हे गुपित राहिलेले नाही, आणि विकत घेणाऱ्या मुलालाही मी सर्वस्वी दोष देत नाही, कारण कोऱ्या पानावरून सुरू करून मेमध्ये रद्दीत जाणाऱ्या वस्तूवर जीव जडावा तरी कसा. त्याऐवजी गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेली आज्ञावली यंदाच्या मुलांच्या हाती द्यावी, तिच्यात दोन सुधारणा करावयास सांगाव्यात, आणि पुढच्या वर्षी ती तिसऱ्या तुकडीकडे जाईल हे आधीच बजावावे. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी मुद्दाम दोष घातलेली दीडशे ओळींची आज्ञावली पुढ्यात टाकावी आणि विद्यार्थी ती कशी चाचपतो, कोठून धागा धरतो, हे अर्धा तास शांतपणे पाहावे. पाठांतर करून आलेला आणि खरोखर शिकलेला यांतला फरक पहिल्या दहा मिनिटांत दिसतो. मी मुलाखती घेताना हेच करतो.

आता तर मागणी साध्या शब्दांत सांगितली की आज्ञावली लिहून देणारी यंत्रे आली आहेत, आणि पालकांचा प्रश्न बदलून "आता हे शिकावे तरी का?" असा झाला आहे. चाळीस ओळी कोऱ्या पानावर उतरवण्यापलीकडे ज्याला काही येत नाही, त्याने धास्ती बाळगावी हे योग्यच आहे. पण यंत्राने लिहिलेला मजकूर हाही परक्याचाच मजकूर असतो, आणि त्याच्या मागे नाउर म्हणतात तशी समजूत बाळगणारा, ज्याला जाऊन विचारता येईल असा, माणूस नसतो. मी अशा यंत्राकडून व्याजाची आकारणी लिहवून घेतली तेव्हा ती डौलदार होती, टिपणांनी नटलेली होती, आणि रक्कम दशांश अपूर्णांकात ठेवणारी होती. चार खाती घेऊन पेन्सिलीने ताडून पाहिली, तेव्हा तिसऱ्याच खात्यात एक पैसा कमी भरला. ज्याला यंत्रे वापरायची आहेत त्याने खुशाल वापरावीत. पेन्सिल मात्र टाकू नये.

शेवटी, मागे ठेवून जाण्याच्या नोंदींविषयी. जुन्या कचेऱ्यांत बारनिशी असे. कोणता कागद केव्हा आला, कोणाकडे गेला, याची नोंद तीत होई, आणि वीस वर्षांनी एखादा तंटा उभा राहिला तर त्याचा निकाल तिच्यावरून लागे. आमच्या धंद्यात हे काम आता गिट करते. ते लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचले, आणि आज बहुतेक सर्व कंपन्यांचे दप्तर त्यातच असते. प्रत्येक बदलासोबत दोन ओळींचा शेरा लिहिण्याची त्यात सोय आहे, आणि "बदल केला", "दुरुस्ती", "अंतिम", "खरोखर अंतिम" असल्या शेऱ्यांनी ती भरलेली असते. काय बदलले ते यंत्र दाखवतेच. का बदलले, कोणाच्या तक्रारीवरून बदलले, आणि दुसरा कोणता मार्ग विचारात घेऊन सोडून दिला, हे लिहावे.

एका दुसऱ्या संस्थेच्या दिवसअखेरच्या कामात मला एकदा एक ओळ सापडली आणि तिच्या डोक्यावर इंग्रजी लिपीत, पण मराठीत, शेरा होता, "हे बदलू नका, मार्चअखेर कळेल." ती ओळ काम सुरू होताच त्या दिवसाची तारीख एकदाच वाचून बाजूला ठेवीत असे आणि पुढे सर्व खात्यांना तीच देत असे. यंत्राचे घड्याळ हाताशी असताना तारीख अशी गाठोड्यात बांधून फिरवणे मला अडाणीपणाचे वाटले. मी ती ओळ काढली आणि जेथे जेथे तारीख लागे तेथे थेट घड्याळाला विचारले. नोव्हेंबर ते मार्च काही झाले नाही, कारण दिवसअखेरचे काम रोज रात्री नऊच्या आत आटपत असे. ३१ मार्चला मात्र वर्षअखेरच्या आकारणीमुळे ते साडेअकराला सुरू होऊन साडेबारा उलटून गेले तरी चालू राहिले, आणि मध्यरात्रीनंतर ज्यांची पाळी आली त्या सर्व खात्यांचे व्याज १ एप्रिलच्या तारखेने, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात, जमा झाले. नोंदी उलटवता उलटवता उजाडले. ओळ मी परत घातली, जुना शेरा तसाच ठेवला, आणि त्याखाली कारणाच्या तीन ओळी लिहिल्या. तो शेरा लिहिणारा गृहस्थ पुढे एका लग्नात भेटला, तेव्हा कारण का लिहिले नाही म्हणून त्याला विचारले. तोही असाच एका मार्चअखेरीस रात्रभर बसला होता, आणि सकाळी त्याला साडेसातची एस. टी. गाठायची होती.